आपलं घर सोडून बाकी सगळं

लिंडग्रोव्ह, मिनेसोटा
१४ सप्टेंबर

प्रिय वैजयंती,

सर्वप्रथम एक तक्रार दाखल करून घ्यावी. फीनिक्सला जाताना तू काय न्यावंस यावर मी अवाक्षर काढलं नाही. पुस्तकं नेलीस, निळी रजाई नेलीस, जिथे पाऊस पडत नाही तिथे चांगलीपैकी छत्री नेलीस. मी मौन पाळलं. पण फोडणीची पळी? स्त्रीधनाच्या जेवढ्या व्याख्या मी आयुष्यात वाचल्या, त्यांपैकी एकीतही लोखंडी पळी बसत नाही. ताणून बसवावी म्हटलं तरी दांडा बाहेर राहतो. सध्या या घरात फोडणी चहाच्या पातेल्यात होते आणि नंतर चहाला हिंगाचा वास येतो. प्रतिवादीने यथावकाश उत्तर द्यावे.

'फोनवर आपण नुसते भांडतो, काय असेल ते लिहून कळव,' असं तू म्हणालीस म्हणून हे कागद. तू मात्र उत्तरं फोनवर पाठवतेस, तीही सूत्ररूपात. परवाचं सूत्र : 'घराचे फोटो? डार्सी थांबलीय. बर्फ पडायच्या आत जाहिरात लागायला हवी.' सूत्र आलं की त्यावर भाष्य करणं मला भाग आहे.

डार्सी येऊन गेली. घरं विकणाऱ्या बाईने घरात शिरल्या शिरल्या 'किती छान वास येतोय' म्हणायचं असतं, तसं ती म्हणाली. वास हिंगाच्या चहाचा होता. मग म्हणाली, "पॅडी, तुझ्याकडे ते उडणारं आहे ना? मग वरूनच काढ की फोटो. दोन एकर जागा, मागे ओढा. खालून काही कळतच नाही."

मी म्हटलं, "नियमात बसत नाही. मी हौशी उडवणारा. धंद्याच्या कामाला परवाना लागतो, आणि घर विकणं हा धंदा आहे."

"कुणाला कळणारेय?"

"मला."

"डॉक्टर वी म्हणालीच होती, तू असलं काहीतरी काढशील म्हणून."

हे तू तिला आधीच सांगून ठेवलंस, याचं मला वाईट वाटलं. नियम मात्र खरा आहे. मी खालून साध्या कॅमेऱ्याने काढतो म्हणालो, फक्त वारा पडू दे. खालून फोटो काढायला वारा कशाला पडायला हवा, हे तिने विचारलं नाही. या लोकांचा हा मोठेपणा आहे.

वारा नसतो तेव्हा मी उडवतोच आहे. निनादने वाढदिवसाला हे यंत्र पाठवलं तेव्हा चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाबा, घराबाहेर पडा.' आपले चिरंजीव दोघांशी वेगवेगळे बोलतात आणि दोघांना एकच सल्ला देतात, असा माझा संशय आहे. इंग्रजीत ड्रोन म्हणजे मुळात मधमाश्यांतला नर. तो काम करत नाही, मध गोळा करत नाही, राणीच्या जिवावर असतो. भेट निवडताना चिरंजीवांनी शब्दकोश पाहिला होता का, हे तू त्याला विचार. मला विचारवत नाही.

परवा मार्लिस थॉर्सनच्या शेतावर गेलो होतो. तिच्या जेवणाच्या टेबलावर तो जुना, विमानातून काढलेला शेताचा फोटो आहे ना, सगळ्यांच्या घरात असतो तसा? तेव्हा फोटोवाले न विचारता उडत जायचे आणि मग चौकट घेऊन दारात विकायला यायचे. मार्लिसच्या नशिबी ते सोमवारी उडाले. सोमवार धुण्याचा. त्यामुळे कोठार, पवनचक्की, गोठा, आणि बरोबर मधोमध तारेवर ड्वेनच्या लांब चड्ड्या. ड्वेनने हट्टाने तो फोटो विकत घेतला. पन्नास वर्षं पाद्रीबुवा त्या चड्ड्यांखाली बसून जेवले.

ड्वेन वसंतात गेला. आता शेत विकलंय, दोनेक महिन्यांत सगळं पाडतील. तिला त्याच कोनातून एक शेवटचा फोटो हवा होता. "पण तारेवर काही नको," ती म्हणाली. मी यंत्र चढवलं, कोन जुळवला, आता बटण दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब जरा." घरात गेली, ड्वेनची एक चड्डी घेऊन आली आणि चिमटे लावून तारेवर टांगली. "काही नाही," म्हणाली, "जुन्याशी जुळायला नको का?"

मी पैसे घेतले नाहीत. हौशी माणसाला घेता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात काचेच्या भांड्यात बटाट्याची हॉटडिश, म्हणजे सगळं एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला तो इथला भांडंभर पदार्थ. तळाला चिकटपट्टी, तीवर 'थॉर्सन'. कायद्यात हॉटडिशचा उल्लेख नाही, तेव्हा स्वीकारली.

वारा पडला की फोटो काढतो.

पद्माकर

३ ऑक्टोबर

प्रिय वैजयंती,

'पद्माकर, फोटो.' असं काल आलं. पूर्ण नाव लिहिलंस त्या अर्थी प्रकरण गंभीर आहे.

सांगतो. मका कापणीला आलाय. कापणीयंत्रं चालू झाली की हवेत भुसा असतो, आणि भुशात यंत्राच्या पात्यांचं आयुष्य कमी होतं. शिवाय हंस निघालेत दक्षिणेला. ते थव्याने जातात आणि यंत्र दिसलं की अंगावर येतात. हे मी रचून सांगत नाही, एकाने खरंच पाठलाग केला. हंस नीरक्षीरविवेक करतो असं आपल्याकडे म्हणतात. या देशातले हंस काहीच विवेक करत नाहीत, मनाला येईल तिथे हगतात.

वाचनालयातलं माझं काम आठवड्यातले तीनच दिवस, तेही सकाळचं. उरलेल्या दिवशी पहाट झाली की मी गाडी काढतो. कुठे जायचं ठरलेलं नसतं. रेल्वेच्या रुळाला धरून जी गावं आहेत, एक झालं की दुसरं, ती करत सुटलोय. वरून सगळी सारखीच : पाण्याची टाकी, धान्याचं उंच कोठार, दोन चर्च एकमेकांकडे पाठ करून, एक बंद शाळा. टाकीवर नाव लिहिलेलं नसतं तर लोक संध्याकाळी चुकीच्या घरी गेले असते. एक संपलं की वाटतं, पुढचं वेगळं असेल. नसतं. तरी जातो. यंत्र उतरवलं की बॅटरी बदलतो आणि परत चढवतो. हात रिकामा राहिला की बरं वाटत नाही.

काल एका शेताच्या कडेला उडवत होतो, तर एक म्हातारा ट्रक घेऊन आला. काच खाली केली. 

"काय चाललंय?"

"तुमचं शेत बघतोय."

"का?"

"छान दिसतंय."

यावर त्याने इतका वेळ विचार केला की मला वाटलं आता पोलीस. मग म्हणाला, "हं. पूर्वेकडून बघ. तिकडनं जरा बरं दिसतं." आणि गेला.

आणखी एक गंमत. मी पूर्वीच्या भिक्षुकांसारखा झालोय. दक्षिणा नाही, पण शिधा मात्र दारात हजर. धान्याच्या कोठारावर कामाला असलेल्या गॉर्डीच्या घराचा फोटो काढून दिला, हॉटडिश. शाळेतल्या मुख्याध्यापकांना तळ्याचा फोटो हवा होता, हॉटडिश. ज्यांचा फोटो अजून काढलेलाच नाही त्यांचीही आली. याला आगाऊ नोंदणी म्हणायचं. मी मांस खात नाही हे गावाला आता पाठ आहे. गॉर्डीची बायको भांडं देताना म्हणाली, "तुझ्या घासात मांस येणार नाही याची मी काळजी घेतलीय, पॅडी. नुसतं वरून बेकन भुरभुरवलंय." वरचा थर गॉर्डीच्या कुत्र्याला, खालचा मला, अशी वाटणी झाली. कुत्रा समाधानी आहे.

शीतकपाट भरलं. तुझ्या लोणच्याची बरणी मागे गेलीय, काढायला हात पुरत नाही. असू दे.

घरात फारसा नसतो मी. त्यामुळे फोटो.

पद्माकर

२० ऑक्टोबर

प्रिय वैजयंती,

आज एक शास्त्रार्थ झाला आणि त्यात माझा सपशेल पराभव झाला. तो तुला कळवणं हे माझं कर्तव्य आहे, कारण तू असतीस तर हसली असतीस.

भांडी परत करायला निघालो होतो. भांडं ठेवून घेणं इथे मोठं पाप. घासूनपुसून, चिकटपट्टीवरचं नाव वाचून दारोदार. शेवटी मार्लिसकडे. तिचं सामान खोक्यांत भरलेलं, स्वयंपाकघरात फक्त टेबल, दोन खुर्च्या आणि तो फोटो.

"बस."

"भांडं द्यायला आलो होतो. निघतो."

"बस म्हटलं ना. कॉफी केलीय."

बसलो. माझ्या आगाऊपणाने म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी फोटोचं फार मनावर घेतलंत हं. एका फोटोला एक हॉटडिश, हे जरा जास्तच होतंय."

मार्लिसने कप खाली ठेवला. "फोटोला?"

"मग?"

"फोटोला बार देतात, पॅडी. लिंबाचे. नाहीतर भोपळ्याचा ब्रेड." (बार म्हणजे आपल्या वड्यांचे धष्टपुष्ट चुलतभाऊ, ते तुला माहीत आहेत.) "फोटोला हॉटडिश कोण देतं?"

"मग हॉटडिश कधी देतात?"

"घरातलं माणूस गेलं की."

"कोण गेलंय?"

 माझा कप भरलेला होता, तरी तिने त्यात आणखी थोडी कॉफी ओतली.

मी म्हटलं, "वैजयंती फीनिक्सला आहे. इथल्या दवाखान्यात बाळंतपणं बंद झाली. बाळंतपणाच्या डॉक्टरने इथे काय करायचं? कामासाठी गेलीय ती."

"हो ना. आम्ही सगळे तेच म्हणतो."

"म्हणजे गावाला असं वाटतंय की..."

"गावाला काही वाटत नाही रे. गाव भांडं ठेवतं आणि जातं."

"पण विचारायचं तरी कुणीतरी!"

"अगं बाई! विचारायचं?" ती खरोखर दचकली. "असं कसं विचारणार? तुला अवघडल्यासारखं झालं असतं."

मला हसू आलं. तीही हसली. मग म्हणाली, "ड्वेन गेला तेव्हा तुमच्याकडून ते पिवळं डाळीचं आलं होतं की. मोठं पातेलंभर."

"ते वैजयंतीने पाठवलं होतं. मी नुसतं पोचवलं."

"तेच म्हणतेय मी. तिला रीत माहीत आहे."

सांगलीच्या कॉलेजात मी पोरांना अनुमान शिकवायचो. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. फळ्यावर डोंगर काढायचो, त्यावर धुराची वेटोळी काढायचो. आणि इथे महिनाभर माझ्याच दारात धूर येतोय, मी तो चवीने खातोय, आणि म्हणतोय, वा, काय गुणग्राहक लोक आहेत. यत्र यत्र हॉटडिश, तत्र तत्र शोक. वीसेक वर्षं या गावात काढून एवढी व्याप्ती मला कळू नये? तुला कळली होती. तू तर यांची निम्मी पोरं जगात आणलीस, तुला यांच्या सगळ्या खुणा माहीत. मी तुझ्यामागून पातेली पोचवत आलो.

मी उठलो तेव्हा मार्लिस पाठमोरी राहूनच म्हणाली, "तिने बोलावलंय का तुला?"

"घर विकायला सांगितलंय."

"मी घराचं नाही विचारलं."

मग मला आठवलं की बॅटऱ्या गाडीत थंडीत पडल्यात. थंडीने त्या लवकर उतरतात. म्हणून निघालो. तिथून थेट पुढच्या जिल्ह्यात गेलो, एका टाकीचे फोटो काढले. टाकीवर हसरा चेहरा रंगवलाय. बरे आलेत.

पद्माकर

२६ ऑक्टोबर

वैजयंती,

आज वारा नव्हता, भुसाही नव्हता. हंस गेले सगळे.

फोटो काढले नाहीत. नियमाचं कारण सांगणार नाही. शनिवारी नक्की काढतो.

प.

९ नोव्हेंबर

प्रिय वैजयंती,

काढले.

मागच्या शनिवारी नाही, काल. दोन्ही बाजूंचा मका गेला, त्यामुळे आपलं घर आता चारी बाजूंनी उघडं पडलंय. डार्सीने परवान्याचा माणूस मँकेटोहून आणायची धमकी दिली होती. मी म्हटलं, परक्याने कशाला? जाहिरातीत लावायचे की नाही ते तुम्ही ठरवा, मी माझ्या हौसेने माझ्या घरावर उडवतो. तेवढी पळवाट नियमात आहे असं मी मानून घेतलंय.

यंत्र वर गेलं आणि मी पडद्यात बघत उभा राहिलो. ओळखूच येईना. एवढंसं छप्पर. गॅरेजपुढची तुझ्या गाडीची बाजू पानांनी भरलेली, माझी मोकळी. आणि एक गोष्ट दिसली, जी मी खालून कधी पाहिली नव्हती. मागच्या दारापासून शेताच्या बांधाने दवाखान्याकडे जाणारी तुझी पायवाट. रात्री-अपरात्री फोन आला की गाडी न काढता तू त्याच वाटेने जायचीस, बर्फातसुद्धा. आता गवताने बुजलीय. त्या जागी उभं राहिलं तर काही दिसत नाही. वरून अजून दिसते, फिकट रेघेसारखी, जरा वाकडी, ओढ्यापाशी वळलेली.

तेवढ्यात गॉर्डीचा ट्रक थांबला. तो उतरला, टोपी मागे सारली, वर बघितलं.

"घर बघतोयस वरून?"

"हो."

"हं." मग छपराकडे बोट दाखवून, "पन्हळीत पानं अडकलीत. तिथनं दिसत असतील."

"दिसतायत."

"फोटोत बरं नाही दिसायचं."

"नाही."

"शिडी आहे ट्रकमध्ये."

एवढ्या बोलण्यात त्याला सगळं कळलं. तो पन्हळीवर चढला. चढण्याआधी एक फोन केला असावा, कारण थोड्या वेळात ट्रक येत गेले. मुख्याध्यापक दंताळं घेऊन आले. गॉर्डीची बायको खिडक्या पुसायला लागली. कुणीही 'घर विकताय का' असं विचारलं नाही. हवेविषयी बोलले. या वर्षी मका बरा झाला म्हणाले. बरा म्हणजे उत्तम, हे तुला ठाऊक आहे. एक उंच पोरगी पानं ओढता ओढता सगळ्यांना सांगत होती, "डॉक्टर वीने मला उलटी बाहेर काढलंय, पाय आधी!" आणि मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणूनच गणितात अजून उलटीच चालतेस." सगळे हसले. ती सगळ्यांत जोरात.

मार्लिस उशिरा आली. गावात फ्लॅटमध्ये राहते आता. डबा आणला होता. उघडून पाहिला, लिंबाचे बार. याचा अर्थ काय, मी विचारलं नाही. अनुमानावरचा माझा विश्वास उडालाय.

अंगण इतकं साफ झालं की आपलं वाटेना. मी पुन्हा यंत्र चढवलं. मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, पण त्यांना वाटलं फोटो आहे म्हणजे उभं राहायचं. सगळे अंगणात ओळीने उभे राहिले, माना वर करून, दंताळी भाल्यांसारखी धरून. मग दुसरा काढला, माणसांशिवाय. डार्सीला दुसरा हवाय. म्हणाली, घेणाऱ्याला घर रिकामं दिसायला हवं, म्हणजे तो स्वतःला त्यात बघू शकतो. दोन्ही सोबत पाठवतोय. कागदांवर माझी सही झालीय. आता तुझी राहिली.

तुझं काम झालं. यापुढचं लिहावं लागू नये म्हणून मी दोन महिने इकडेतिकडे उडत होतो, तेव्हा आता एका दमात लिहितो.

काल सगळे गेल्यावर गाडीतच बसून तुझे सगळे संदेश पहिल्यापासून वाचले. छप्पर. घर तापवायची भट्टी दुरुस्त केली का. कर भरला का. डार्सी. किंमत. फोटो. फोटो. त्यांत एकदाही तू 'कधी येतोस' असं लिहिलेलं नाही. 'येऊ नकोस' असंही नाही. फोटो निघाले नव्हते तोवर मला ते विचारावं लागत नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायला 'घर विकलं की' एवढं पुरायचं. मार्लिसला तेवढंही पुरलं नाही.

घर जाईल याची मला काळजी नाही, वैजयंती. गावाचंही मी काही ना काही करून घेईन, किंवा गाव माझं करेल. मला भीती एवढीच वाटते की घर विकलं गेल्यावर तुला माझ्याकडून हवं असं काहीच उरणार नाही.

पद्माकर